नीटकाकांचा मॉनिटर

नीटकाकांना नवा मॉनिटर घ्यायचाय ही बातमी फुटली तेव्हा त्यांच्या ओळखीच्या माणसांनी कपाळाला हात लावला. आता हे प्रकरण लांबणार आणि त्यातला निम्मा वेळ आपलं डोकं खाण्यात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ह्या माणसाला खरं नाव आहे, फोटो स्टुडिओच्या परवान्यावर ते छापलेलंही असेल. पण ‘नीट बघू’, ‘नीट विचार करू’ आणि ‘घाई नको, नीट होऊ दे’ ह्या तीन वाक्यांनी ते नाव कधीच गिळून टाकलंय. चप्पल घ्यायची तर काका ती पायात घालून दुकानात अर्धा तास येरझाऱ्या घालतात आणि मग उद्या येतो म्हणून सांगतात. लग्नाचं विचारलं गेलं तेव्हा त्यांनी विचार करायला बावीस दिवस घेतले होते. काकूंनी ते बावीस दिवस अजून माफ केलेले नाहीत.

ह्या वेळी मात्र काकांच्या हातात जेमतेम महिना होता. एक दिवस दुपारी फ्रेमच्या काचा पुसता पुसता काकू म्हणाल्या, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मी स्टुडिओत यायची नाही. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. भाजी संपली आहे असं सांगावं तितक्या सहज सांगितलं. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवायला आणि फ्रेमा भरायला त्यांनी एक बाईही बघून ठेवली होती. काकांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “नजर गेली माझी. उगाच मध्ये मध्ये कशाला लुडबूड करू?”

डोळ्यांचे डॉक्टर म्हणत होते नजरेला काही झालेलं नाही. चष्म्याचा नंबर होता तोच होता. पण काकू ज्या नजरेबद्दल बोलत होत्या ती डॉक्टरांच्या यंत्रात दिसणारी नव्हती. ती रंगांची नजर होती, आणि ती गेली असं काकांनाही वाटत होतं. तेच तर दुखणं होतं. “तसं काही नाही गं” एवढं म्हणायचं होतं, तर ते त्यांच्या तोंडून निघेना.

ही नजर म्हणजे काय चीज होती ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. स्टुडिओ मुळात काकूंच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. काका तिथे अठराव्या वर्षी दिवे उचलायला लागले. त्या काळात काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग चढवत, आणि ते काम अण्णांनी मुलीकडे दिलं होतं. ही पोरगी बोटभर काडीला कापूस गुंडाळून, रंग इतका कमी घ्यायची की घेतलाय की नाही अशी शंका यावी. आणि तेवढ्यात फोटोतल्या माणसाच्या गालात जीव यायचा. गिऱ्हाईक फोटो बघून विचारायचं, साडी हिरवी होती हे तुम्हाला कसं कळलं? तिला कळलेलं नसायचं, पण साडी हिरवीच निघायची. अण्णा येईल जाईल त्याला सांगायचे की कॅमेरा माझा आहे, डोळा हिचा आहे. काका तेव्हा दिवा धरून बाजूला उभे असायचे आणि दिव्याऐवजी तिच्याकडे बघत असायचे. मग बावीस दिवस कसला विचार करत होते कोण जाणे.

पुढे हाताने रंगवायचे दिवस गेले. अण्णाही गेले. काका जुने, फाटके, डाग पडलेले फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायला शिकले, आणि त्या कामात त्यांचं नाव झालं. ज्या डार्करूममध्ये पूर्वी फोटो धुवायचे तिथेच टेबल आलं. डार्करूम म्हणजे केवढी, तर एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीमागे एक माणूस उभं राहील एवढी. त्या खुर्चीत काका बसत. बाहेरच्या लांब टेबलावर काकू फोटो चिकटवत आणि काकांची हाक आली की खळीचे हात पदरापासून लांब धरून आत येत, खुर्चीमागे उभ्या राहत आणि चेहरा बघून सांगत. हनुवटीखाली थोडं गडद हवं. कपाळ पिवळं झालं. ओठ सोडा, ओठांना हात लावू नका. जाड काचेचा तो अवजड डबा मॉनिटर होता तोवर त्यांचं एकदाही चुकलं नाही.

मग अकरा वर्षांपूर्वी पातळ मॉनिटर आला. तो काकांनीच आणला, दोन महिने कीस पाडून. टेबलावर जागा किती मोकळी झाली हेच ते आठवडाभर गिऱ्हाइकांना दाखवत होते. आणि त्याच सुमारास काकूंची नजर बिघडायला लागली.

म्हणजे असं, की काकू खुर्चीमागून म्हणायच्या, चेहरा फिका आहे, रंग चढवा. काकांना तो मुळीच फिका दिसायचा नाही. दोघांत शब्दाला शब्द वाढायचा. काका कधी ऐकायचे, कधी नाही. ऐकलं की फोटो छापून यायचा तो काळवंडलेला, आणि नाही ऐकलं की यायचा नेमका हवा तसा. एकदा झालं, दोनदा झालं. वर्षभरात काकांना कळून चुकलं की छापलेला कागद आपल्या बाजूने बोलतो. त्यांना त्याचा आनंद झाला असं म्हणणं अन्याय होईल. पण फार वाईट वाटलं असंही नाही. इतकी वर्षं बायकोचा डोळा थोर म्हणून ऐकलेला माणूस होता, बरं का.

एकदा एक गृहस्थ आईचा फोटो घेऊन आले. एवढासा, कोपरा जळालेला, जगातला एकच. काकूंनी चेहऱ्यावर अजून रंग चढवा म्हणून हट्ट धरला आणि काकांनी ऐकलं. छापून आला तेव्हा ती बाई उन्हात रापल्यासारखी दिसत होती. गृहस्थ बराच वेळ फोटोकडे बघत राहिले आणि म्हणाले, ही माझी आई नाही. काका ओशाळले. पुन्हा करून देतो म्हणाले, आणि वातावरण हलकं करायला हसत हसत म्हणून गेले, की काय आहे, आमच्या हिची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. काकू तिथेच होत्या. हातातला पुठ्ठा त्यांनी खाली ठेवला, हात धुतले आणि पुन्हा येऊन पुठ्ठा उचलला.

त्या दिवसानंतर काकू आत यायच्या, बघायच्या आणि ‘तुम्हाला बरं वाटेल तसं’ म्हणून बाहेर जायच्या. मग काकांनी हाक मारणंच सोडलं. ह्याला तीन वर्षं झाली. आणि आता त्या येणारच नाही म्हणत होत्या.

काकांना झोपेतही कळत होतं की ही बाई बाहेरच्या टेबलावर नसेल तर आपल्याला स्टुडिओत बसवणार नाही. पण ‘जाऊ नकोस, मला करमणार नाही’ असं म्हणायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्यांनी काय केलं, तर मॉनिटर बघायला सुरुवात केली. नजर कमी झालीय ना, मग तिला दिसेल असा मॉनिटर आणू. मोठा, झळझळीत, काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं दाखवणारा. दिसायला लागलं की ती बोलेल, बोलायला लागली की राहील. माणूस सरळ होता, फक्त रस्ता जरा लांबचा धरायचा.

शंभर पानी वही आणली गेली. पहिल्या पानावर पट्टीने रकाने आखले. दुसऱ्या गावी राहणारी लेक फोनवर म्हणाली, “बाबा, आयपीएस घ्या आणि मोकळे व्हा.” मोकळं व्हायचं असतं तर ते नीटकाका कसले? त्यांनी पडद्यांच्या चार जाती खोदून काढल्या आणि सकाळ-संध्याकाळ भेटेल त्याला ऐकवायला सुरुवात केली. न्हावी दाढी करत असताना त्यांना बोलता यायचं नाही, तेवढाच काय तो त्याला आराम.

काकांचं समजावणं मात्र झकास होतं, हे कबूल केलं पाहिजे. ते म्हणायचे, पडद्यामागे एक दिवा लावलेला असतो असं समजा आणि पुढे लाखो बारीक झडपा. झडप जेवढी उघडेल तेवढा उजेड. आता झडप कशी फिरते त्यावर सगळा खेळ. टीएन जातीची झडप स्वतःभोवती पीळ घेते. चपळ आहे, स्वस्त आहे, पण रंगाला कच्ची. आपल्याकडे आहे तो हाच. व्हीए जातीची झडप मिटली की घट्ट मिटते, मागचा दिवा बाहेर डोकावत नाही, म्हणून काळं एकदम काळं दिसतं. पण अगदी गडद छटा तिच्यात एकमेकींत मिसळतात, काळ्या कोटाच्या चुण्या दिसेनाशा होतात. आयपीएसची झडप आडवीच्या आडवी फिरते, रंगाला इमानदार. फक्त अंधाऱ्या खोलीत तिचं काळं जरा राखाडी वाटतं. आणि ओएलईडी, तिथे दिवाही नाही आणि झडपाही नाहीत, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. चित्र असं, की बघत राहावं. पण एकच वस्तू दिवसभर एका जागी राहिली तर तिची छाप पडद्यावर कायमची बसू शकते. इथे काका बोट वर करायचे. त्यांच्या फोटोच्या प्रोग्रॅममध्ये ब्रश आणि खोडरबरांची पट्टी गेली कित्येक वर्षं डावीकडे एकाच जागी होती, आणि ती हलवायची तर आधी नीट विचार करावा लागला असता. ओएलईडी बाद.

मग गुण दिले. काळेपणाला दहापैकी, रंगांना दहापैकी, उजेडाला, आकाराला, डोळ्यांच्या त्रासाला, टिकण्याला. प्रत्येक ठिकाणी लेकीला आणि दोन दुकानदारांना विचारून आकडे तीनदा बदलले. एक रकाना होता, ‘पाहण्याचा कोन’. म्हणजे बाजूने किंवा वरून बघितलं तर चित्र बदलतं का. काकांनी त्यावर जरासा विचार केला, पट्टी ठेवून रकाना खोडला आणि शेजारी बारीक, सुंदर अक्षरात कारण लिहिलं, ‘गरज नाही, समोर मी एकटाच बसतो.’ शेवटी बेरीज झाली आणि व्हीए दीड गुणाने पहिला आला.

महिना संपायला तीन दिवस राहिले होते. काका दुकानात निघाले आणि काकूंना म्हणाले, तूही चल. काकू म्हणाल्या, मी येऊन काय दिवे लावणार? तेव्हा काकांनी हुशारी केली. स्टुडिओत अण्णांचा एक फोटो होता, काकूंनी एकोणिसाव्या वर्षी स्वतः रंगवलेला. काकांनी तो स्कॅन करून पेन ड्राइव्हवर घेतला होता, आणि पडद्याशी ताडून बघायला मूळ फोटोही न्यायचा म्हणत होते. मी नेतो तो, पिशवीत टाकून, असं ते म्हणाले मात्र, काकूंनी लगेच चप्पल घातली. अण्णांना पिशवीत टाकून न्यायला त्या तयार नव्हत्या.

दुकानात एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र घातलेली, चेहऱ्यावर चिकाटी असलेली. काकांनी वही उघडली तेव्हाच तिने ओळखलं असावं की आजची दुपार गेली. तिने काउंटरवर तीन मॉनिटर ओळीने मांडले, डावीकडे टीएन, मध्ये आयपीएस, उजवीकडे व्हीए, आणि तिन्हींवर अण्णा आले. काउंटरपुढे एक स्टूल होतं. काका त्यावर बसले. काकू फोटो छातीशी धरून आपोआप त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं, सवय.

काका डावीकडच्या पडद्याकडे बघून म्हणाले, हा आपल्याकडच्यासारखाच, ठीकठाक आहे की. मुलीने काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, मला नका विचारू, माझी नजर गेलीय. मुलगी तशी गोड होती, पण मागे लागणारी. सांगा ना, काकू, हे तुमचे वडील ना? तेव्हा काकूंनी हातातला फोटो उलटून एकदा नीट बघितला आणि हळूच म्हणाल्या, “अण्णांचा चेहरा असा पांढराफटक नव्हता.”

काकांनी मान खाली घातली. सुरू झालं, असं त्यांच्या मनात आलं.

ती मुलगी मात्र दुसऱ्या एका खोक्याची दोरी सोडवत, वर न बघता म्हणाली, “तुम्ही उभ्या आहात ना काकू, म्हणून. हा वरून असाच फिका दिसतो. काका बसलेत, त्यांना बरोबर दिसत असेल.”

तिला पुढे काहीतरी सांगायचं होतं, वॉरंटीचं वगैरे. कुणी ऐकत नव्हतं.

काका स्टुलावरून उठले. उठून काकूंच्या शेजारी उभे राहिले आणि डावीकडच्या पडद्याकडे बघितलं. अण्णा पांढरेफटक झाले होते. गालांवरची ती कापसाने चढवलेली लाली कुठल्या कुठे गेली होती, हनुवटी आणि गळा एक झाला होता. काका खाली बसले. लाली परत आली. उठले, गेली. बसले, आली. असं त्यांनी सहा-सात वेळा केलं. दुकानातली माणसं बघायला लागली, एकाने पाण्याचा ग्लासही आणला. मग ते मधल्या आयपीएससमोर तसंच उठले-बसले, आणि तिथे अण्णा हलले नाहीत. बसून बघा, उभं राहून बघा, अण्णा ते अण्णाच.

आता तुम्ही म्हणाल, अकरा वर्षांत हा माणूस खुर्चीतून कधी उठलाच नाही का? उठायचे की. पण उठले की पडद्याकडे पाठ करायचे, कंबर धरायचे आणि चहाला जायचे. उभं राहून चेहरा बघायचं काम त्यांचं नव्हतंच. ते काम काकूंचं होतं, आणि हाक येत होती तोवर काकूंनी ते रोज केलं होतं. रोज फिका चेहरा बघितला होता आणि रोज खरं तेच सांगितलं होतं.

काकूंनीही वाकून स्टुलाच्या उंचीवरून एकदा बघितलं. सरळ झाल्या. फोटो पुन्हा कागदात गुंडाळला आणि दुकानाबाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

काका मागोमाग गेले. शेजारी बसले. रस्त्यावर एक माणूस सायकलवर काचेचं तावदान घेऊन चालला होता, तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दोघं त्याच्याकडे बघत राहिली. काकांना वाटलं होतं ही खूश होईल. नजर गेली नव्हती, म्हणजे चांगलीच बातमी नाही का? पण काकूंचा चेहरा बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“नजर गेली असं मी पहिल्यांदा नव्हतं म्हटलं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही म्हटलं होतं. त्या माणसासमोर. हसत.”

काकांनी पायातली चप्पल काढून पुन्हा घातली.

“अण्णांनी शिकवलेलं सगळं मी खोटं मानलं, तुमच्या त्या एका वाक्यावर. लेक घरी आली की साडी घेताना तिला दोनदा विचारते, हा रंग कोणता गं. ही माझी गत. आणि तुम्ही एकदा मागे वळून नाही विचारलंत, की तुला काय दिसतंय.”

 काकांनी वही काढली. का काढली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं, कदाचित लपवण्यासारखं काही ठेवायचं नव्हतं म्हणून. ते पान उघडून त्यांनी खोडलेला रकाना बोटाने दाखवला. काकूंनी चष्मा वर करून वाचलं, ‘गरज नाही, समोर मी एकटाच बसतो.’ दोनदा वाचलं. 

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “आत्ताचं नाही. अकरा वर्षांचं.”

“हो, चुकलं,” काकू म्हणाल्या.  मग वही मिटून त्यांच्या हातात दिली. “अक्षर मात्र चांगलं आहे तुमचं. तो मधला घ्या. त्यात अण्णा दिसतात.”

बेरजेत पहिला आलेला व्हीए तिथेच राहिला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू विचार न करता घेतली आणि ती मुलगी इतकी चकित झाली, की बिल करताना दोनदा चुकली.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर डार्करूममध्ये बसला. जुना उचलताना काकांना त्याचा रागही आला आणि रागावण्यात अर्थ नाही हेही कळत होतं. त्या बिचाऱ्याने कुणाला फसवलं नव्हतं. समोरून बघणाऱ्याला एक दाखवत होता, वरून बघणाऱ्याला दुसरं, आणि ह्या दोन शहाण्यांपैकी एकालाही अकरा वर्षांत जागा बदलून बघावंसं वाटलं नव्हतं.

पण मॉनिटर आला म्हणून काकू बोलायला लागल्या असं झालं नाही. त्या दिवशी त्या आपल्या बाहेरच चिकटवत बसल्या. त्या नव्या बाईला खळ किती पातळ करायची ते दाखवून झालं, काचांचे आकार सांगून झाले, कात्री कुठे असते तेही. काका आतून सगळं ऐकत होते आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला तरी पहिल्या तारखेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

दुपारी एका म्हाताऱ्या मास्तरांचा फोटो कामाला होता. फोटो घडीवर फाटून चीर चेहऱ्यावर आली होती. काकांनी सकाळपासून खपून चेहरा जुळवला, त्वचेला रंग दिला, मागे सरकून बघितला. उभं राहूनही बघितला, आता ती सवय लागली होती. मग त्यांनी हाक मारली. तीन वर्षांनी मारली म्हणून आवाज जरा चिरका आला.

“अगं, जरा बघतेस का? तुला काय दिसतंय?”

बाहेर कात्री थांबली. मग नळाचा आवाज आला. काकू हात धुऊन, पुसून, आत आल्या, खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि इतका वेळ बघत राहिल्या की काकांना घाम फुटला. शेवटी म्हणाल्या, “डाव्या गालावर लाली जरा जास्त झालीय. कानाजवळ. कमी करा.”

काकांनी डोळे फाडून बघितलं. बसून बघितलं, उठून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. त्यांना काहीच दिसेना. आता पडदा दोघांना एकच चित्र दाखवत होता, त्यामुळे पडद्यावर खापर फोडायची सोय राहिली नव्हती. त्यांनी काकू म्हणाल्या तसं केलं, पण स्वभाव जाईल कुठे, आपला आणि तिचा असे दोन्ही फोटो छापून आणले आणि खिडकीपाशी उजेडात शेजारी शेजारी ठेवले. काकांच्या फोटोत मास्तरांना डाव्या बाजूने कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं दिसत होतं. काकूंच्या फोटोत मास्तर नुसते जिवंत होते.

“मला हे पडद्यावर दिसलंच नाही,” काका म्हणाले.

“तुम्हाला कधी दिसत होतं? अण्णा सांगायचे, जावई कष्टाळू आहे. डोळ्याबद्दल ते काही बोलायचे नाहीत.”

काका हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले आणि मग पुसतच राहिले. काकूंनी दोन्ही फोटो उचलले, काकांचा फाडून टोपलीत टाकला आणि स्वतःचा पुठ्ठ्यावर ठेवून बघितला, नीट बसतो की नाही.

“मग उद्या...” काकांनी विचारायला सुरुवात केली आणि वाक्य तिथेच अडकलं.

“चिकटवायला ती बाई येऊ दे,” काकू पुठ्ठ्याच्या कडा बघत म्हणाल्या. “माझी कंबर गेली त्यात. मी चेहरे बघायला येईन. पण दहाला येईन, सांगून ठेवते. नऊ वाजता मी कुणाच्या बापासाठी यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख होती. काका नेहमीसारखे नऊला आले, कुलूप काढलं, आत बसले. एका जुन्या लग्नाच्या फोटोवरचे चरे त्यांनी साफ केले, मागच्या भिंतीवरचे ओलीचे डाग काढले, फाटलेला कोपरा भरला, नवऱ्या मुलाच्या कोटाचं एक बटण गायब होतं ते बसवलं. दहा वाजेपर्यंत त्यांनी एकाही चेहऱ्याला हात लावला नाही.